व्हिएन्ना, प्राग, बुडापेस्ट : हातखर्चाचे पैसे कोणत्या खात्यातून?

बारा दिवस, तीन शहरं, दोन निवृत्त मैत्रिणी. विमानाची तिकिटं काढून झाली होती, हॉटेलं ठरली होती. उरला होता हातखर्च : जेवणखाण, ट्राम, संग्रहालयं, अधूनमधून रोख पैसे. तो कोणत्या खात्यातून करायचा, एवढाच प्रश्न होता. या दोघींपैकी एक माझी आत्या. तिने तीन माहितीपत्रकं माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "यातलं एक निवड आणि मोकळा हो."

मी आधी पत्रकं बाजूला ठेवून नकाशा बघितला, कारण या प्रवासाची खरी गोम तिथेच होती. ऑस्ट्रियात युरो चालतो. चेक प्रजासत्ताक आणि हंगेरी २००४ पासून युरोपीय संघात असले, तरी दोघांनीही आपापलं चलन ठेवलं आहे : प्रागमध्ये कोरुना, बुडापेस्टमध्ये फोरिंट. 'युरोपला चाललोय म्हणजे युरो घ्यायचे' हे गणित इथे तीनपैकी दोन शहरांत चुकतं. आत्याने अंदाजे हिशेब मांडला होता. एकूण हातखर्च १०० भाग धरला तर ४० भाग युरोत, ३० कोरुनात आणि ३० फोरिंटमध्ये. त्यातला साधारण चौथा हिस्सा रोख लागेल, बाकी कार्डाने. पुढचे सगळे आकडे याच १०० भागांवर आहेत.

पहिला पर्याय तिचं जुनं बचत खातं, जिथे पेन्शन जमा होते. त्याचं डेबिट कार्ड परदेशात चालतं. दर व्यवहारावर ३.५ टक्के मार्कअप (चलन बदलून देताना दरावर चढवलेली जादा रक्कम), एटीएममधून पैसे काढले की शिवाय ठरावीक शुल्क, आणि यंत्रावर नुसती शिल्लक बघितली तरी वेगळं शुल्क. दुसरा पर्याय त्याच बँकेचं फॉरेक्स कार्ड : निघण्याआधी युरो भरून घ्यायचे आणि तिथे ते खर्च करायचे. तिसरा पर्याय फोनवरून उघडायचं नवं खातं. त्याच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत 'शून्य मार्कअप' असं छापलेलं होतं.

फॉरेक्स कार्डाकडे आत्याचा ओढा जास्त होता. बँकेतल्या बाईंनी 'दर आजच पक्का होतो, नंतर काळजी नाही' असं सांगितलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण दर पक्का होतो म्हणजे तो चांगला असतो असं नाही. मोठ्या बँका आपसात चलनाची देवघेव करतात, तेव्हा खरेदीचा एक भाव असतो आणि विक्रीचा एक. त्यांच्या मधोमध येणारा तो मधला दर. आपल्याला तो सहसा मिळत नाही, पण मोजपट्टी म्हणून तोच वापरायचा असतो. युरोसाठी ही मोजपट्टी सहज मिळते. युरोपीय मध्यवर्ती बँक कामकाजाच्या दिवशी मध्य युरोपच्या वेळेप्रमाणे दुपारी चारच्या सुमारास संदर्भ दर जाहीर करते. तो माहितीपुरता असतो, त्या दराने कोणी व्यवहार करून देत नाही. पण बँकेने कार्डात युरो भरण्याचा जो दर सांगितला होता तो या आकड्याशेजारी ठेवला, तर तो २ टक्क्यांनी महाग निघाला. पत्रकात कुठेही 'मार्कअप' हा शब्द नव्हता, कारण मार्कअप दराच्या पोटातच होता.

आणि खरा खर्च तिथून पुढे. या कार्डात कोरुना किंवा फोरिंट भरता येत नव्हते. प्रागमध्ये कार्ड वापरलं की युरोचे कोरुना होणार आणि त्यावर ३.५ टक्के चलनबदल शुल्क लागणार. म्हणजे आधी घरच्या चलनाचे युरो करताना एकदा कापले जायचं आणि युरोचे कोरुना होताना पुन्हा एकदा. हिशेब असा पडला : १०० भागांवर भरताना २ गेले, कोरुना-फोरिंटच्या ६० भागांवर ३.५ टक्क्यांनी २.१ गेले, आणि पाच वेळा रोख काढली तर शुल्कापोटी आणखी दीड. बेरीज साडेपाचच्या पुढे. परत आल्यावर उरलेले युरो बँकेला विकायचे तर तिथे खरेदीचा भाव लागतो, तो घाटा वेगळा. जुन्या डेबिट कार्डाचा हिशेब साडेतीन अधिक दीड, म्हणजे पाच. खास प्रवासासाठी म्हणून विकलं जाणारं कार्ड या प्रवासात रोजच्या कार्डापेक्षाही महाग पडत होतं. हे ऐकून आत्या थोडी चिडली. बँकेवर की माझ्यावर, ते कळलं नाही.

नवं खातं टक्केवारीत सरळ जिंकत होतं. मार्कअप नाही, दर कार्ड नेटवर्कचा. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघेही आपापले दर संकेतस्थळावर रोज दाखवतात आणि ते मधल्या दराच्या बऱ्यापैकी जवळ असतात. पण बारीक अक्षरात दोन अटी होत्या. रोख महिन्याला ठरावीक मर्यादेपर्यंत फुकट, पुढे २ टक्के. आणि शनिवार-रविवारी १ टक्का जादा. हा शनिवार-रविवारचा प्रकार अनेकांना लुबाडणूक वाटते. तो अगदीच बिनबुडाचा नाही. शुक्रवारी न्यूयॉर्कचा दिवस संपला की चलनबाजार मिटतो तो सोमवारची सकाळ आशिया-पॅसिफिकमध्ये उजाडेपर्यंत. मधल्या काळात दर गोठलेला असतो आणि सोमवारी तो कुठे उघडेल याची जोखीम खातेवाला कंपनी ग्राहकाकडून आधीच वसूल करते. आत्याच्या बारा दिवसांत दोन शनिवार-रविवार येत होते. सगळं धरून नवं खातं १०० भागांत एकाच्या आसपास पडत होतं.

पत्रकावर विश्वास ठेवण्यापेक्षा निघण्याआधी एक चाचणी घेतली. व्हिएन्नाच्या एका संग्रहालयाची दोन तिकिटं ऑनलाइन काढायचीच होती. एक तिकीट जुन्या कार्डावर काढलं, लगेच दुसरं नव्या कार्डावर. रक्कम तीच, दुकान तेच, दिवस तोच, आणि दोन्ही कार्डं एकाच नेटवर्कची. नव्या खात्यात त्याच क्षणी जो आकडा दिसला, तो नेटवर्कच्या त्या दिवसाच्या दराशी जुळला. जुन्या खात्यात आधी जवळपास तेवढाच आकडा दिसला. आत्या म्हणालीही, "बघ, सारखंच तर आहे." दोन दिवसांनी जुन्या खात्याच्या विवरणात खाली आणखी एक ओळ आली, मार्कअपची, वेगळी लिहिलेली. परदेशी खर्चाच्या दिवशी मोबाइलवर येणारा आकडा अंतिम नसतो, हे त्या एका ओळीने जेवढं पटलं तेवढं माझ्या बोलण्याने पटलं नव्हतं. कार्डाचा व्यवहार आधी फक्त मंजूर होतो, तो मिटतो नंतर, आणि अनेकदा दरही मिटण्याच्या दिवसाचा लागतो.

तरीही टक्केवारीवर निर्णय संपवला असता तर तो अर्धाच ठरला असता. जुन्या खात्याबद्दल माझा खरा आक्षेप ३.५ टक्क्यांवर नव्हताच. त्या खात्यात आत्याची आयुष्यभराची शिल्लक आहे, आणि डेबिट कार्ड हे त्या शिलकीचं थेट दार आहे. अनोळखी गल्लीतल्या एटीएमवर कार्डाची नक्कल झाली, तर पैसे आधी जातात आणि चौकशी मागून होते. क्रेडिट कार्डावर वाद घातला तर निदान तोवर बँकेचा पैसा अडकलेला असतो. डेबिटमध्ये आपला अडकतो. म्हणून खर्चाचं खातं आणि साठवणीचं खातं वेगळं असावं. नवं खातं काही महाग असतं तरी मी वेगळं खातंच सुचवलं असतं.

पण 'नवं खातं' म्हणजे नक्की काय, हेही बघायला लागलं. फोनवर उघडणारी सगळी खाती बँकेची नसतात. काही संस्थांकडे बँकेचा परवाना असतो, काहींकडे फक्त इलेक्ट्रॉनिक पैसे हाताळण्याचा. दुसऱ्या प्रकारात ग्राहकांचे पैसे वेगळे काढून सुरक्षित ठेवण्याचं बंधन असतं, पण बँक बुडाल्यावर मिळणारं ठेवीचं संरक्षण तिथे तसंच लागू होत नाही. युरोपीय संघात हे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला १ लाख युरोपर्यंत आहे, आणि तेही बँकेतल्या ठेवीलाच. आत्याच्या तिसऱ्या पत्रकातली संस्था बँक निघाली. ती नसती तरी मी हेच खातं घ्यायला सांगितलं असतं, फक्त त्यात एका आठवड्याच्या खर्चापेक्षा जास्त पैसे ठेवू दिले नसते.

नव्या खात्याची दुखरी बाजू फोन आहे. शाखा नाही, काउंटर नाही, तक्रार चॅटवर. फोन हरवला की खातंही हातातून गेल्यासारखं. शिवाय नुकतंच उघडलेलं खातं आणि पहिलेच मोठे व्यवहार परदेशातून, हे सुरक्षा यंत्रणेला संशयास्पद दिसायला पुरेसं असतं. म्हणून तिने निघण्याच्या महिनाभर आधी खातं उघडलं आणि घरीच चार-दोन किरकोळ खरेद्या केल्या. जुन्या खात्यातून नव्यात पैसे पाठवायची सोयही तेव्हाच करून ठेवली, कारण नवा लाभार्थी जोडल्यावर सुरुवातीला लहान मर्यादा असते. ओटीपी जुन्या सिमवर येतो, त्यामुळे ते सिम परदेशात निदान एसएमएस घेईल एवढं चालू ठेवणं भाग होतं. बऱ्याच जणांना हे विमानतळावर उतरल्यावर आठवतं.

शेवटी मांडणी अशी ठरली. रोजचा खर्च आणि रोख नव्या खात्यातून, दर आठवड्याला लागेल तेवढं भरून. जुनं कार्ड हॉटेलच्या तिजोरीत, परदेशी वापर सुरू पण मर्यादा अगदी कमी, म्हणजे अडचणीत ती ॲपवरून वाढवता येईल. हॉटेलच्या अनामतीसाठी क्रेडिट कार्ड, कारण हॉटेलं खोली देताना ठरावीक रक्कम रोखून धरतात. ती डेबिट कार्डावर रोखली तर तेवढे दिवस आपलेच खर्चाचे पैसे बंद. मात्र क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख अजिबात काढायची नाही. तिथे शुल्क तर लागतंच, आणि व्याज बहुतेक कार्डांवर पहिल्या दिवसापासून सुरू होतं. मैत्रिणीकडे दुसऱ्या नेटवर्कचं कार्ड होतं, ते बरंच झालं : एक अडलं तरी दुसरं हाताशी.

"शून्य मार्कअप लिहिलंय ना, मग आता बघायचं काही राहिलं नाही," आत्या म्हणाली.

"आत्या, तुझ्या नव्या बँकेचा मार्कअप शून्य आहे. प्रागमधल्या यंत्राचा नाही."

यावर आम्ही बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ बोललो. परदेशात कार्ड घातलं की यंत्र ओळखतं की हे कार्ड दुसऱ्या देशाचं आहे, आणि विचारतं : तुमच्या घरच्या चलनात पैसे द्यायचे का? दिसायला ही सोय आहे, आकडा ओळखीचा दिसतो. पण 'हो' म्हटलं की रूपांतर आपली बँक किंवा नेटवर्क करत नाही. ते त्या यंत्राची किंवा दुकानाची सेवा देणारी कंपनी करते, तिच्या दराने. मग खात्याचा मार्कअप शून्य असो की साडेतीन, तो प्रश्नच मागे पडतो. वर काही बँका अशा व्यवहारावरही आपलं परदेशी शुल्क लावतात, कारण दुकान परदेशातलं असतं. युरोपीय संघाच्या २०१९/५१८ या नियमाने हा जादा भार मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दराच्या तुलनेत टक्क्यांत दाखवायला लावला आहे, पण तो नियम संघातल्या कार्डांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. बाहेरच्या कार्डाने स्वतःच डोळे उघडे ठेवलेले बरे.

प्रागच्या जुन्या शहरातल्या चौकाजवळचं असं एक यंत्र आत्याने मला फोटो काढून पाठवलं. पहिल्या पडद्यावर तयार रकमा, सगळ्यात लहान रकमेचं बटण खाली कोपऱ्यात. तिला हवी होती त्याच्या कितीतरी पट रक्कम वर ठळक. 'दुसरी रक्कम' निवडून तिने आपला आकडा घातला. मग घरच्या चलनातला आकडा, त्याखाली बारीक दर, आणि दोन बटणं : हिरवं 'रूपांतरासह पुढे', लाल 'रूपांतर नको'. लाल बटण दाबलं की व्यवहारच रद्द होईल असं कुणालाही वाटावं, अशीच ती मांडणी. रद्द होत नाही. पैसे येतात, फक्त रूपांतर घरच्या बाजूला होतं. तिने पडद्यावरचा दर नेटवर्कच्या दराशी ताडून बघितला तेव्हा फरक ९ टक्क्यांचा निघाला. रोखीचे सगळे २५ भाग असे काढले असते तर सव्वादोन भाग गेले असते, म्हणजे जुनं खातं सोडून नवं घेतल्याने जे चार वाचले त्यातले निम्म्याहून जास्त. तिने लाल दाबलं. पुढच्या वेळी मात्र ती चौकातल्या यंत्राकडे गेलीच नाही. बँकेच्या शाखेच्या भिंतीतलं यंत्र शोधलं, तिथे प्रश्नही कमी आणि यंत्रमालकाचं शुल्कही नव्हतं.

रोख मुळात लागतेच किती, हेही गावागणिक बदलतं. प्रागच्या ट्राममधली तिकीट यंत्रं नाणी घेतच नाहीत, कार्डच लागतं. हंगेरीत ऑनलाइन जोडलेलं गल्लायंत्र असलेल्या दुकानांना २०२१ पासून रोखीखेरीज पैसे घेण्याची सोय ठेवावी लागते. २००८ मध्ये तिथली १ आणि २ फोरिंटची नाणी बंद झाली, त्यामुळे रोखीत बिल पाचच्या पटीत गोल होतं आणि कार्डाने नेमकं जातं. आत्याला या गोष्टीची भारी मजा वाटली. प्रागमध्ये मैत्रिणीने एकदा चलनबदलाच्या टपरीत युरो देऊन कोरुना घेतले आणि बाहेर येऊन दर वाचला तर तो फारच वाईट. तिथे एक चांगला कायदा आहे. एप्रिल २०१९ पासून १,००० युरोपर्यंतचा चलनबदल तीन तासांच्या आत, पावती दाखवून, रद्द करून पैसे परत मागता येतात. ती परत गेली, पावती पुढे केली. टपरीवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण युरो परत दिले.

बुडापेस्टमध्ये एका उपाहारगृहात वेटरनेच स्वाइप मशीनवरचं बटण दाबून टाकलं आणि कागदावर घरच्या चलनातला आकडा आला. आत्याने पिन घातला नाही, मशीन परत केलं आणि म्हणाली, "फोरिंट." एवढ्यावर काम झालं. पिन घालण्याआधी पडद्यावर कोणत्या चलनाचं नाव आहे ते बघायचं, ही तिची सवय तिथून पक्की झाली.

हेच उत्तर सगळ्यांना लागू पडेल असं नाही. प्रवास नुसता व्हिएन्नाचा असता, तर फॉरेक्स कार्डावरचा दुहेरी चलनबदल गळून पडला असता आणि ते जुन्या खात्यापेक्षा दीड टक्क्याने स्वस्त ठरलं असतं. फोनशी ज्यांचं जमत नाही त्यांना मी तेच घ्यायला सांगेन, कारण तेही साठवणीपासून वेगळं असतं. सहा महिन्यांनी जायचं आहे आणि दर वर जाईल अशी धास्ती आहे, तरीही आज भरून ठेवण्यात अर्थ आहे. पण मग तो पैज लावण्याचा प्रकार आहे, काटकसरीचा नाही, आणि दर खालीही जाऊ शकतो. गाडी भाड्याने घेणार असाल तर डेबिट कार्ड चालेल का, ते आधी विचारून घ्या. अनेक ठिकाणी अनामतीला क्रेडिट कार्डच मागतात, आणि तेही चालकाच्या नावाचं.

परतल्यावर आत्या नवं खातं लगेच बंद करायला निघाली होती. थांबवावं लागलं. बुडापेस्टच्या हॉटेलने क्रेडिट कार्डावर रोखलेली रक्कम सुटायला आठवड्याहून जास्त लागला, तो भाग वेगळा. पण प्रागमध्ये रद्द केलेल्या एका सहलीचे पैसे नव्या कार्डावरच परत यायचे होते. परतावा ज्या कार्डावरून पैसे गेले त्याच कार्डावर येतो. खातं बंद असेल तर तो बँकांमध्ये भटकत राहतो आणि मग पत्रव्यवहार. तीन आठवड्यांनी आला. कोरुनात रक्कम तेवढीच, पण घरच्या चलनात थोडी कमी, कारण मधल्या काळात दर हलला होता. दुसऱ्या दिवशी तिने शिल्लक जुन्या खात्यात वळवली आणि खातं मात्र उघडंच ठेवलं. मासिक शुल्क नव्हतं, आणि मैत्रिणीने पोलंडचं नाव काढलं होतं. तिथे झ्लॉटी चालतो.